बेघरांवरचे वाढीव दंड कसे रोखायचे: मसुद्यापासून कोर्टापर्यंत

रस्त्यावर आंघोळ करणं, आडोशाला लघवी करणं, फुटपाथवर भांडी घासणं, सिग्नलला हात पसरणं. घर असलेल्या माणसाला यातलं एकही काम उघड्यावर करावं लागत नाही. त्यामुळे अशा गोष्टींचा दंड वाढला की तो कागदावर सगळ्यांना सारखा दिसतो, पण पावती बेघराचीच फाटते. मुंबईत २००६ च्या स्वच्छता उपविधींनी (उपविधी म्हणजे महापालिकेने कायद्याखाली केलेले स्थानिक नियम) उघड्यावर आंघोळीला १०० रुपये, लघवीला आणि थुंकायला २०० रुपये दंड ठेवला होता. एप्रिल २०२५ मध्ये महापालिकेने नव्या उपविधींचा मसुदा हरकती-सूचनांसाठी खुला केला, त्यात दंड वाढवण्याचा प्रस्ताव होता. असे मसुदे इतर शहरांतही येतात. बहुतेक वेळा त्यावर बेघरांच्या बाजूने एकही हरकत जात नाही, कारण ज्यांना दंड बसणार त्यांच्यापर्यंत मसुदा पोचतच नाही. हा लेख वस्तीत, संघटनेत, निवाऱ्यात किंवा वॉर्डात काम करणाऱ्यांसाठी आहे.

आधी ओळखा: हा नियम आला कुठून?

सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो. पोलिसांच्या आदेशाविरुद्ध पालिकेत अर्ज आणि पालिकेच्या उपविधीविरुद्ध पोलीस आयुक्तांना निवेदन, असं सर्रास होतं. चार वेगळी उगमस्थानं आहेत आणि प्रत्येकाचं दार वेगळं आहे.

पहिलं, महापालिकेच्या उपविधी. मुंबईत त्या १८८८ च्या महापालिका अधिनियमाच्या कलम ४६१ खाली होतात, राज्यातल्या बाकीच्या महापालिकांत १९४९ च्या अधिनियमाखाली. दोन्हीकडे मसुदा जाहीर करणं, हरकती घेणं आणि शेवटी राज्य शासनाची मान्यता मिळवणं बंधनकारक आहे. म्हणजे हरकतीला दोन जागा मिळतात, एक पालिकेत आणि दुसरी नगरविकास विभागात. दुसरी जागा लोक विसरतात.

दुसरं, पोलीस आयुक्तांचा किंवा जिल्हाधिकाऱ्यांचा मनाई आदेश. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघायचा, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतो. नागपुरात मार्च २०२३ मध्ये चौकाचौकांत भीक मागण्यावर असा आदेश निघाला होता. भोपाळमध्ये फेब्रुवारी २०२५ मध्ये भीक मागणं आणि देणं, दोन्हींवर निघाला. याला मसुदा नसतो, हरकतीची मुदत नसते. सकाळी आदेश आणि संध्याकाळी कारवाई.

तिसरं, महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१. रस्त्यात अडथळा, रस्त्यावर घाण, असभ्य वर्तन यांची कलमं १०२ ते ११६ च्या पट्ट्यात आहेत आणि कलम ११७ प्रमाणे दंड १,२०० रुपयांपर्यंत जातो. इथे नवा कायदा न करता फक्त कारवाया वाढवूनही जाच वाढवता येतो, म्हणून यावर लक्ष आकड्यांनीच ठेवावं लागतं.

चौथा आणि सगळ्यात कडक म्हणजे मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा १९५९. यात दंड नाही, थेट डांबून ठेवणं आहे. पहिल्या वेळी किमान एक ते कमाल तीन वर्षं आणि वारंवार सापडल्यास दहा वर्षांपर्यंत. त्यातली व्याख्या नीट वाचा. उपजीविकेचं दिसेल असं साधन नसताना सार्वजनिक जागी फिरणारा किंवा थांबलेला माणूस, तो भिकेवर जगत असावा असं वाटलं तरी, व्याख्येत बसतो. गाणं म्हणून, कसरत करून किंवा वस्तू विकायला पुढे करून पैसे मागणाराही बसतो. सिग्नलवर गजरे, पेन, खेळणी विकणाऱ्या पारधी बायका अशाच उचलल्या जातात.

मसुदा हातात आल्यावर काय शोधायचं

मथळ्यात छापलेली दंडाची रक्कम ही खरी अडचण असतेच असं नाही. पेन घेऊन पुढच्या गोष्टींवर खुणा करा. "पुन्हा आढळल्यास" किंवा "प्रत्येक दिवसासाठी" असे शब्द, कारण फुटपाथवर राहणारा माणूस रोजच "पुन्हा" आढळतो. सामान जप्त करायचा अधिकार आणि ते परत देण्याची पद्धत. दंड करणारा कोण, पालिकेचा कर्मचारी की कंत्राटी मार्शल. पावती द्यायची सक्ती आहे का. अपील कुणाकडे आणि किती दिवसांत. आणि दंड न भरल्यास काय, हे कुठे लिहिलंय.

हा शेवटचा मुद्दा गाभ्याचा आहे. प्रकरण न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर गेलं आणि फक्त दंडाची शिक्षा असलेला गुन्हा असला, तरी दंड न भरल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ८ प्रमाणे साधी कैद होऊ शकते. दंड ५,००० पर्यंत असेल तर दोन महिन्यांपर्यंत, १०,००० पर्यंत असेल तर चार महिन्यांपर्यंत, त्याच्या वर असेल तर एक वर्षापर्यंत. म्हणून मसुद्यात दंडाची कमाल मर्यादा ५,००० ची रेषा ओलांडत असेल तर हरकतीत ते पहिल्या परिच्छेदात लिहा. ज्याला दोनशे भरता आले नाहीत त्याला सहा हजार भरता येणार नाहीत. त्याच्यासाठी वाढलेला आकडा म्हणजे वाढलेले कैदेचे दिवस.

आकडे गोळा करणं

भावनेवर लिहिलेली हरकत "नोंद घेतली" या शेऱ्यावर संपते. आकडा असेल तर अधिकाऱ्याला उत्तर द्यावं लागतं.

माहिती अधिकाराचे तीन वेगळे अर्ज करा. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. सगळं एकत्र कोंबलेला अर्ज याच कारणाने परत येतो. प्रत्येकाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तो लागत नाही. पहिला अर्ज दंडाचा: गेल्या तीन वर्षांत वॉर्डनिहाय, बाबनिहाय किती पावत्या, किती रक्कम, किती प्रकरणं कोर्टात. दुसरा शौचालयांचा: वॉर्डातल्या सार्वजनिक शौचालयांची यादी, उघडी असण्याची वेळ, शुल्क, स्त्रियांसाठीच्या जागा, आंघोळीची सोय. तिसरा निवाऱ्यांचा: पत्ते, क्षमता, दरमहा सरासरी वापर, कुटुंबांसाठी आणि स्त्रियांसाठी वेगळे किती.

उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे आणि हरकतीची मुदत त्याआधीच संपू शकते. तेव्हा उत्तराची वाट बघत बसू नका. हरकत मुदतीत द्या, तिच्यात "माहिती अधिकारातून मागवलेली माहिती मिळताच पुरवणी निवेदन देऊ" असं लिहा, आणि अर्जात कागदपत्रांच्या प्रत्यक्ष पाहणीचीही मागणी ठेवा. बऱ्याचदा पाहणी लवकर मिळते.

निवाऱ्यांचा निकष पक्का आहे. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या बेघर निवारा योजनेत एक लाख शहरी लोकसंख्येमागे किमान शंभर जणांचा कायमस्वरूपी, चोवीस तास चालणारा निवारा आणि माणशी ५० चौरस फूट जागा धरली आहे. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख आणि बेघर सुमारे ५७ हजार. निकषाने १२० पेक्षा जास्त निवारे हवेत. आपल्या शहराचं हेच गणित मांडा आणि शेजारच्या रकान्यात प्रत्यक्ष चालू निवारे लिहा. हे दोन रकाने हरकतीतलं सगळ्यात बोलकं पान ठरतात.

शौचालयाची पाहणी स्वतः करा, आणि दुपारी करू नका. पहाटे पाच आणि रात्री अकरा या दोन वेळांना जा. दाराला कुलूप आहे का, पाटीवर वेळ आणि दर काय लिहिलाय, प्रत्यक्षात किती घेतात, बादलीभर पाण्याचे वेगळे पैसे आहेत का. कुलूप आणि वेळेची पाटी एकाच फोटोत येईल असं बघा, तारीख-वेळ दिसू द्या. चार माणसांचं कुटुंब दिवसातून दोनदा शौचालय आणि एकदा आंघोळ करतं असं धरून त्या पाटीवरच्या दराने महिन्याचा खर्च काढा.

रात्रीची मोजणी साडेअकरानंतर. त्याआधी लोक जागेवर आलेले नसतात, कामं, हॉटेलं, लग्नाच्या हॉलची आवराआवर चालू असते. जोडीने जा, जोडीत एक बाई असू द्या. झोपलेल्याला उठवू नका. पुरुष, स्त्रिया, मुलं, म्हातारी माणसं, अपंग, एवढ्याच खुणा आणि जवळच्या उघड्या शौचालयापर्यंत चालत किती मिनिटं, हे लिहा. एक साधा दिवस आणि एक शनिवार, असं किमान दोनदा करा. नावं लिहू नका, चेहऱ्यांचे फोटो काढू नका आणि झोपायच्या नेमक्या जागांचा नकाशा हरकतीला जोडू नका. जोडपत्र सार्वजनिक होतं. अतिक्रमण निर्मूलन विभागाच्या हातात तो नकाशा गेला की पुढच्या आठवड्यात गाडी नेमकी त्याच जागांवर येते. रस्त्यानुसार एकूण आकडा पुरतो.

हरकत लिहिताना

कलमवार लिहा. प्रत्येक हरकतीत मसुद्यातल्या कलमाचा क्रमांक, अडचण, आधार आणि बदलाचे शब्द, या क्रमाने. शेवटचा भाग बहुतेक जण गाळतात. अधिकाऱ्याला "हे अन्यायकारक आहे" यावर फाईलवर काही करता येत नाही. तयार वाक्य दिलं तर निदान ते टिपणीत उतरतं. नमुना असा:

"मसुदा उपविधी क्र. ___ (सार्वजनिक ठिकाणी आंघोळ, कपडे व भांडी धुणे). हरकत: सदर वॉर्डात रात्री १० नंतर एकही सार्वजनिक स्नानगृह उघडे नसल्याचे दि. ___ च्या पाहणीत आढळले (जोडपत्र २). पर्याय उपलब्ध नसताना केलेल्या कृतीस वाढीव दंड लावणे वाजवी नाही. मागणी: पुढील परंतुक जोडावे. 'परंतु, त्या जागेपासून ५०० मीटरच्या आत चोवीस तास खुले व विनाशुल्क शौचालय आणि स्नानगृह उपलब्ध नसेल, तर बेघर व्यक्तीस या उपविधीखाली दंड आकारला जाणार नाही. अशा व्यक्तीस नजीकच्या निवाऱ्याची लेखी माहिती देण्यात येईल.'"

५०० मीटर हा आमचा प्रस्ताव आहे, तुमच्या वॉर्डाप्रमाणे बदला. याशिवाय चार मागण्या जवळपास प्रत्येक मसुद्याला लागू पडतात: दैनिक दंड वगळा, अंथरूण, कपडे, कागदपत्रं, औषधं आणि कामाची हत्यारं जप्त करू नका, जप्ती झालीच तर जागेवर यादीसह पावती द्या, दंडाआधी निवाऱ्याची जागा खरोखर देऊ करणं बंधनकारक करा.

एक मुद्दा आवर्जून घाला. केंद्राने २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ४२ कायद्यांतल्या १८३ तरतुदी बदलून किरकोळ चुकांवरची कैद आणि फौजदारी धाक कमी केला, कारण छोट्या चुकीसाठी कोर्टकचेरी परवडत नाही. व्यवसाय करणाऱ्याला लागू झालेलं हे तत्त्व फुटपाथवरच्या माणसाला जास्तच लागू आहे. नगरविकास विभागातल्या टेबलावर हा मुद्दा वजनदार ठरतो.

छापील एकसारख्या पाचशे पत्रांपेक्षा वेगवेगळ्या शब्दांतली चाळीस पत्रं बरी. एकसारखी पत्रं एकच हरकत म्हणून मोजली जाण्याचा धोका असतो. आवक-जावक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि क्रमांक घ्या. बेघर व्यक्तीच्या सहीच्या किंवा अंगठ्याच्या हरकतीवर पत्ता म्हणून निवारा किंवा संस्थेचा पत्ता चालतो, फक्त तसं लिहून द्या. प्रत्यक्ष सुनावणीची मागणी त्याच पत्रात करा.

सुनावणीत आणि बाहेर

बोलायला तीन-चार मिनिटं मिळतात असं धरून चाला. कलमाचा क्रमांक सांगून सुरुवात करा, मग एक आकडा, मग बदलाचे शब्द. ज्यांना दंड झालाय अशा एक-दोन व्यक्तींनी स्वतः बोलावं, पावती हातात घेऊन. पण आधी त्यांना स्पष्ट सांगा की नाव नोंदवलं जाईल आणि नंतर चौकीवरून चौकशी होऊ शकते. नको म्हणाले तर आग्रह करू नका.

समोरून ठरलेले तीन आक्षेप येतात. "भीक मागणाऱ्या टोळ्या आहेत." लहान मुलांना किंवा इतरांना भीक मागायला लावणाऱ्याला १९५९ च्या कायद्याच्या कलम ११ मध्ये वेगळी शिक्षा आहे, आणि दिल्ली उच्च न्यायालयानेही ते कलम कायम ठेवलं. टोळीवर ते लावा, मागणाऱ्या म्हातारीवर कारवाई कशाला? "घाण होते." हो, होते. त्यावर उपाय रात्री उघडं ठेवलेलं मोफत शौचालय आहे, आणि ही मागणी सोसायटीच्या लोकांनाही पटते. सफाई कामगारांच्या युनियनशी बोलून घ्या, त्या घाणीचा भार त्यांच्याच अंगावर येतो. "चालायला जागा नाही." हा आक्षेप उडवून लावू नका. शाळेसमोरचा, दवाखान्यासमोरचा अरुंद फुटपाथ असेल तर तिथल्या कुटुंबांशी आधी बोला आणि पर्यायी जागेचा प्रस्ताव घेऊनच जा.

कोर्टाच्या निकालांचा दाखला देताना जपून. १९८५ च्या ओल्गा टेलिस निकालाने फुटपाथवर राहायचा हक्क दिला असं बरेच जण लिहितात, तसं नाही. जगण्याच्या हक्कात उपजीविका येते हे न्यायालयाने मानलं, पण फुटपाथ अडवायचा हक्क मानला नाही. आधी सूचना आणि म्हणणं मांडायची संधी हे तत्त्व सांगितलं आणि त्या वेळची कारवाई पावसाळा संपेपर्यंत, ३१ ऑक्टोबरपर्यंत, थांबवली. तेवढंच लिहा, तेवढंही पुष्कळ आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने ८ ऑगस्ट २०१८ रोजी भिक्षा कायद्यातली भीक मागणं गुन्हा ठरवणारी कलमं दिल्लीपुरती रद्द केली. महाराष्ट्रात तो निकाल बंधनकारक नाही, पण मार्गदर्शक म्हणून नक्की दाखवता येतो. मार्च २०२३ मध्ये दक्षिण मुंबईतल्या फुटपाथवासीयांचा विषय आला तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने तीही माणसंच आहेत, गरीब असली तरी कोर्टापुढे सगळ्यांसारखीच, अशी भूमिका घेतली. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भिक्षेकरी गृहं, म्हणजे भिक्षा कायद्याखाली माणसांना जिथे ठेवतात त्या संस्था, तुरुंगासारखी चालवता येणार नाहीत असं सांगितलं.

नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खालच्या मनाई आदेशाला वेगळी वाट आहे. असा आदेश दोन महिन्यांपेक्षा जास्त टिकत नाही. राज्य शासन तो आणखी सहा महिन्यांपर्यंत वाढवू शकतं. तो रद्द करण्यासाठी आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्याकडेच अर्ज करता येतो आणि अर्जदाराला लवकर म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. अर्जात विचारा: तातडीचा धोका कोणता, त्याचा आधार काय, कमी जाचक उपाय का नाही? जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन निकालात सर्वोच्च न्यायालयाने असे आदेश प्रसिद्ध करणं, कारणं देणं आणि प्रमाण राखणं आवश्यक मानलं, आणि तेच आदेश पुन्हा पुन्हा काढणं हा अधिकाराचा गैरवापर म्हटलं. जुन्या आदेशांच्या प्रती तारखेनुसार लावून जोडा. उच्च न्यायालयात जायची वेळ आली तर हीच फाईल वकिलाच्या कामी येते.

दरम्यान कुणाला उचललं तर

हरकतीचं काम चालू असताना कारवाया थांबत नाहीत. वस्तीत दोन जणांकडे तरी पुढची माहिती तोंडपाठ हवी.

कुठल्या कलमाखाली नेलं आणि कुठल्या ठाण्यात, हे पहिलं विचारा. पोलिसांनी कारण सांगणं, नातेवाईकाला किंवा मित्राला कळवणं आणि २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नेणं बंधनकारक आहे. साठीच्या पुढच्या किंवा अशक्त माणसाला तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय अटक करता येत नाही. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३५ (७). जामीनपात्र गुन्ह्यात जामीनदार नसेल तर वैयक्तिक बंधपत्रावर, म्हणजे स्वतःच्याच लेखी हमीवर, सोडायची तरतूद त्याच संहितेच्या कलम ४७८ मध्ये आहे. अटकेपासून आठवड्यात जामीन देता आला नाही तर तो माणूस निर्धन आहे असंच कोर्टाने धरायचं असतं. ताब्यात असलेल्या कुणालाही मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. १५१०० या क्रमांकावर विधी सेवा प्राधिकरणाला फोन करा.

सगळ्यात महागात पडणारी चूक कोर्टात होते. "कबूल करून टाक, लगेच सुटशील" असा सल्ला कुणीतरी देतं. पोलीस अधिनियमाच्या किरकोळ केसमध्ये कबुलीनंतर थोडक्या दंडावर सुटका होतेही, पण भिक्षा कायद्यात त्याच कबुलीचा अर्थ किमान एक वर्ष भिक्षेकरी गृह. म्हणून आधी कलम, मग बोलणं. भिक्षा कायद्याची केस असेल तर चौकशीच्या दिवशी कामाचा पुरावा न्या: भंगारवाल्याची चिठ्ठी, फुलबाजारातली खरेदी, नाक्यावरच्या मुकादमाचं किंवा कॅटरिंगवाल्याचं पत्र, निवाऱ्याची नोंद. परिविक्षा अधिकाऱ्याला (प्रोबेशन ऑफिसर, जो त्या माणसाची परिस्थिती तपासून कोर्टाला कळवतो) आदल्या दिवशीच भेटा, त्याच्या अहवालावर बरंच अवलंबून असतं. पुन्हा भीक मागणार नाही अशी खात्री पटल्यास समज देऊन बंधपत्रावर सोडायचा अधिकार कोर्टाला भिक्षा कायद्याच्या कलम ५ मध्ये आहे; ही मागणी वकिलाने तोंडी न करता लेखी करावी. आणि दंड झालाच, पण पैसे नाहीत, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४६४ खाली तीस दिवसांची मुदत किंवा दोन-तीन हप्ते मागा. मागितल्याशिवाय ते सहसा मिळत नाही.

कागदपत्रांच्या झेरॉक्स निवाऱ्यात किंवा संस्थेत ठेवा. गाडी सामान उचलते तेव्हा आधार कार्ड, औषधाची चिठ्ठी, मुलांचे दाखले त्याच पिशवीत असतात आणि ते परत मिळवायला महिने जातात.

मंजूर झाल्यावर

नगरविकास विभागात फाईल जाईपर्यंतचा काळ मोकळा सोडू नका. पालिकेने तुमच्या हरकतीवर काय अभिप्राय दिला त्याची प्रत माहिती अधिकारात मागा आणि त्यातल्या प्रत्येक चुकीच्या विधानाला उत्तर देणारं निवेदन विभागाच्या सचिवांना द्या. राजपत्रात उपविधी आल्या की अंतिम मजकूर आणि मसुदा शेजारी शेजारी ठेवून बघा; हरकतीनंतर एखादं कलम आणखी कडक झालं असेल तर त्यावर हरकत घ्यायची संधीच मिळाली नाही, हा उच्च न्यायालयातला चांगला मुद्दा आहे.

अंमलबजावणी सुरू झाल्यापासून सहा महिन्यांनी तोच दंडाचा अर्ज पुन्हा टाका: पावत्या किती, वसुली किती, कोर्टात किती, कैद किती जणांना. सोबत बेघरांची मतदार नोंदणीही चालू ठेवा. नमुना ६ भरताना घराचा पुरावा नसला तरी चालतं, मतदान केंद्र स्तरीय अधिकारी रात्री येऊन माणूस सांगितलेल्या जागी झोपतो का ते पाहतो. त्या रात्री माणूस जागेवर सापडेल याची काळजी संघटनेने घ्यायची, कारण एकदा "आढळून आला नाही" असा शेरा पडला की अर्ज पुन्हा पहिल्यापासून.